फोटोंच्या जागी रिकामे चौकोन, उड्या मारणारं पान, वाया जाणारा पहिला टॅप: लेझी लोडिंगचा घोळ कुठून तपासायचा?

लक्षणं

- पान उघडतं, मजकूर दिसतो, पण फोटोंच्या जागी राखाडी किंवा पांढरे चौकोन. बोटाने जरा सरकवलं की फोटो येतात, नुसतं बघत बसलं तर येत नाहीत.
- फोन आडवा केला की गायब असलेले फोटो अचानक दिसतात.
- सगळ्यात वरचा मोठा फोटो सगळ्यात शेवटी येतो.
- वाचता वाचता मजकूर खाली घसरतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.
- मेन्यूच्या तीन रेघा पहिल्यांदा दाबल्या तर काहीच होत नाही, दुसऱ्यांदा मेन्यू उघडतो.
- स्लायडरमधले किंवा टॅबमागचे फोटो कोरे.
- प्रिंट काढली किंवा रीडर मोडमध्ये वाचायला घेतलं तर फोटोच नाहीत.
- साइटवर नवी आवृत्ती चढवली की काही लोकांना कोरं पान दिसतं, रिफ्रेश केल्यावर ठीक होतं.

या तक्रारी एकमेकींपासून लांबच्या वाटतात, पण सगळ्यांचं मूळ एका ठिकाणी सापडतं. ‘हे आत्ता नको, नंतर आण’ असं ब्राउझरला सांगितलेलं असतं, यालाच लेझी लोडिंग म्हणतात, आणि हे ‘नंतर’ म्हणजे नेमकं कधी, हे ठरवणाऱ्यांमध्ये मेळ नसतो. हा दोष नवीन काही बसवून गेल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. बहुतेक वेळा काहीतरी काढावं लागतं. त्यामुळे आणखी एक प्लगइन (साइटला जोडायचा तयार जोड-प्रोग्रॅम) शोधण्याआधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सोप्या आणि फुकटच्या आधी आहेत, कोडला हात लावायच्या नंतर.

उदाहरणं बरीचशी वर्डप्रेसची (साइट बनवायच्या एका तयार प्रणालीची) आहेत, कारण छोटे व्यवसाय, संस्था, होमस्टे, ऑनलाइन दिवाळी अंक यांच्या माझ्याकडे येणाऱ्या साइट्स बहुतेक त्यावरच असतात. तुमची साइट दुसऱ्या कशावर असली तरी कारणं हीच निघतील. ॲट्रिब्यूटची (कोडमधल्या टॅगला जोडलेल्या सूचनांची) आणि आदेशांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत दिसतील.

१. आधी लॉगआउट करा

साइटच्या मालकाचं ठरलेलं वाक्य असतं: “माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय.” ते खोटं बोलत नसतात. कॅशे (पानाची साठवलेली प्रत) ठेवणारी आणि वेग वाढवणारी बहुतेक प्लगइन्स लॉगइन केलेल्या माणसाला मूळ, न बदललेलं पान दाखवतात. म्हणजे ॲडमिनला दिसणारी साइट आणि गिऱ्हाइकाला दिसणारी साइट या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

म्हणून इनकॉग्निटो खिडकीत, लॉगआउट स्थितीत, शक्यतो साध्या अँड्रॉइड फोनवर आणि घरच्या वायफायऐवजी मोबाइल डेटावर पान उघडा. उघडल्यावर लगेच हात लावू नका. थोडा वेळ नुसतं बघा, मग सरकवा. काहीही न करता काय आलं आणि बोट लागल्यावर काय आलं, हा फरक लिहून ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे. तक्रार एकाच फोनवर असेल तर त्यातलं जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन किंवा डेटा वाचवणारा पर्याय आधी तपासा. तसं निघालं तर साइटला हातही लावायची गरज नाही.

२. कॅशे रिकामा करा, पण आतून बाहेर

कॅशे एकच नसतो. प्लगइनचा असतो, होस्टिंगच्या सर्व्हरचा असतो, मध्ये सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा) असेल तर त्याचा असतो आणि शेवटी ब्राउझरचा. रिकामे करताना याच क्रमाने करा. आधी सीडीएन साफ केला आणि सर्व्हरचा कॅशे तसाच राहिला, तर सीडीएन पुन्हा तेच शिळं पान उचलून नेतो आणि तुम्ही समजता की उपाय लागू पडला नाही.

कॅशेमुळे फोटो गायब होण्याचं कारण असं: साठवलेल्या जुन्या पानात जुन्या स्क्रिप्टचं (पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) नाव असतं आणि प्लगइन अपडेट झाल्यावर त्या नावाची फाइल सर्व्हरवर उरलेली नसते. फोटो आणून लावायचं काम त्याच स्क्रिप्टकडे होतं. ती आली नाही, म्हणून फोटोही आले नाहीत. प्लगइन अपडेट केल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारी बऱ्याचदा इथेच मिटतात.

३. लेझी लोडिंग नेमकं कितीजण करतायत ते मोजा

माझ्या मते या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही. बाकीचं वाचायला वेळ नसेल तरी एवढी करा.

थोडा इतिहास सांगावा लागेल. पूर्वी ब्राउझरला स्वतःहून फोटो मागे ठेवता येत नव्हते, म्हणून हे काम जावास्क्रिप्टने व्हायचं. फोटोचा खरा पत्ता ‘एसआरसी’ या नेहमीच्या जागेऐवजी ‘डेटा-एसआरसी’मध्ये लपवायचा, जागा भरायला एक चिमुकलं पारदर्शक चित्र ठेवायचं आणि वाचक जवळ आला की स्क्रिप्टने पत्त्यांची अदलाबदल करायची. मग २०१९ मध्ये क्रोम ७६ ने इमेज टॅगवर (फोटो दाखवणाऱ्या कोडच्या तुकड्यावर) ‘लोडिंग’ हे ॲट्रिब्यूट आणलं. त्यात ‘लेझी’ लिहिलं की काम ब्राउझरच करतो. फायरफॉक्सने ते २०२० मध्ये आवृत्ती ७५ पासून घेतलं, सफारीने २०२२ मध्ये १५.४ पासून. वर्डप्रेसने ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून ते आपणहून लावायला सुरुवात केली.

घोळ असा झाला की नवी पद्धत आली तरी जुनी कोणी काढली नाही. आज एखादी साइट उघडून पाहिली तर वर्डप्रेसचं स्वतःचं लेझी लोडिंग असतं, थीमचं (साइटच्या तयार रूपरचनेचं) असतं, वेग वाढवणाऱ्या प्लगइनचं असतं, फोटो लहान करणाऱ्या प्लगइनचं असतं आणि वर सीडीएनच्या पॅनेलमध्येही कोणीतरी तोच पर्याय चालू केलेला असतो. एकाच दाराला पाच कुलपं आणि किल्ल्या पाचजणांकडे. त्यात वेग मोजणाऱ्या अहवालात ‘पडद्याबाहेरचे फोटो नंतर आणा’ असा शेरा दिसला की मालक आणखी एक प्लगइन बसवतो.

दोन स्क्रिप्ट एकाच फोटोवर चालल्या की काय होतं? पहिली खरा पत्ता लपवते आणि पारदर्शक चित्र ठेवते. दुसरीला तेच पारदर्शक चित्र खरा फोटो वाटतं, ती त्याचाच पत्ता लपवते आणि स्वतःचं चित्र ठेवते. शिवाय पहिली टॅगवरच्या ज्या क्लासच्या (खुणेच्या) नावावरून फोटो ओळखणार असते, ते नाव दुसरीने बदललेलं असतं. वाचक खाली आल्यावर दुसरी स्क्रिप्ट इमानाने आपलं काम करते आणि पारदर्शक चित्र आणून दाखवते. पडद्यावर कोरा चौकोन. कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका नोंदवतो त्या खिडकीत) चूकही दिसत नाही, कारण कोणाचंच काही चुकलेलं नसतं.

तपासायचं कसं: कॉम्प्युटरवर इनकॉग्निटोमध्ये पान उघडून उजवी क्लिक करा, ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडा आणि एखाद्या गायब फोटोच्या फाइलचं नाव शोधा. इमेज टॅगमध्ये ‘लोडिंग’ला ‘लेझी’ एवढंच दिसलं तर ते ब्राउझरचं लेझी लोडिंग. ‘डेटा’ने सुरू होणारं ॲट्रिब्यूट आणि ‘लेझी’ शब्द असलेला एखादा क्लास दिसला तर स्क्रिप्टचं. दोन्ही दिसले, किंवा ‘डेटा’ने सुरू होणारे दोन वेगळे पत्ते दिसले, तर गुन्हेगार सापडला.

उपाय: ब्राउझरचं ठेवा, बाकी सगळ्यांच्या सेटिंगमधला लेझी लोडिंगचा पर्याय बंद करा. एकावेळी एक बंद करा आणि दर वेळी कॅशे साफ करून बघा, नाहीतर नक्की कशाने फरक पडला हे कळणार नाही. “पण मी या प्लगइनचे पैसे भरलेत,” असं बरेच जण म्हणतात. प्लगइन राहू दे, त्यातला हा एक पर्याय फक्त बंद करायचा आहे.

याच घोळाचा एक जुळा भाऊ आहे, तोही इथेच पाहून घ्या. वेग वाढवणाऱ्या प्लगइन्समध्ये ‘वाचकाने काही हालचाल करेपर्यंत स्क्रिप्ट थांबवा’ असा पर्याय असतो. तो चालू असेल आणि फोटो आणणारी स्क्रिप्टही त्या थांबवलेल्या यादीत गेली असेल, तर आणणाराच झोपलेला असतो. बोट लागेपर्यंत एकही फोटो येणार नाही. यादीतलं पहिलं लक्षण तुमच्याकडे असेल तर आधी हेच कारण धरून चाला.

४. पहिल्या पडद्यावरचा फोटो मोकळा करा

पान उघडताच जो फोटो दिसायला हवा, त्याला ‘नंतर ये’ सांगण्यात काहीच हशील नाही. तरीही हे सर्रास होतं, कारण पर्याय चालू केला की तो सरसकट सगळ्या फोटोंना लागतो.

पानाचा कोड येत असतानाच ब्राउझर पुढे नजर टाकून फोटोंचे पत्ते टिपतो आणि मागणी नोंदवतो. पत्ता ‘डेटा-एसआरसी’मध्ये दडलेला असेल तर त्याला तो दिसतच नाही. स्क्रिप्ट उतरणार, चालणार, मग फोटोची मागणी जाणार. ब्राउझरच्या स्वतःच्या लेझी लोडिंगमध्येही उशीर होतो, कारण फोटो पडद्यावर येतो की नाही हे कळायला पानाची मांडणी व्हावी लागते आणि मांडणीसाठी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी) फाइल उतरावी लागते. म्हणजे सगळ्यात आधी हवा असलेला फोटो रांगेत सगळ्यात मागे.

गूगलच्या मोजमापात पानावरचा सगळ्यात मोठा घटक दिसायला २.५ सेकंदांपर्यंत वेळ लागला तर चांगलं मानतात. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साधनात पत्ता टाकून बघा, तो घटक कोणता आणि त्याला लेझी लावलंय का, हे तिथे फुकट कळतं. मोबाइल आणि डेस्कटॉप दोन्ही तपासा, कारण दोन्हीकडचा मोठा घटक वेगळा असू शकतो.

वर्डप्रेसला हा प्रश्न लवकर कळला. जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून लेखातला पहिला फोटो लेझी करणं त्यांनी थांबवलं आणि ऑगस्ट २०२३ च्या ६.३ पासून मोठ्या वाटणाऱ्या फोटोला ‘फेचप्रायॉरिटी हाय’ (हा आधी आण, अशी सूचना) लावायला सुरुवात केली. पण हा अंदाजच. पेज बिल्डरने (कोड न लिहिता पान रचायच्या साधनाने) केलेलं बॅनर, स्लायडर, हेडरमधला लोगो त्या अंदाजातून निसटतात. प्लगइनमध्ये ‘पहिले इतके फोटो वगळा’ असा आकडा असतो, तो लोगो धरून दोन किंवा तीन ठेवा. दहा ठेवले तर वगळण्याला काही अर्थ उरत नाही. ‘फेचप्रायॉरिटी हाय’ एकाच फोटोला द्या. सगळ्यांनाच पुढे काढलं की कोणीच पुढे राहत नाही.

बॅनर सीएसएसमधला बॅकग्राउंड फोटो असेल तर ‘लोडिंग’ ॲट्रिब्यूट त्याला लागूच होत नाही आणि ब्राउझरच्या आगाऊ नजरेलाही तो दिसत नाही. थीममध्ये सोय असेल तर तिथे सरळ इमेज टॅग वापरा.

५. फोटोला रुंदी-उंची दिली आहे का?

हे कंटाळवाणं काम आहे, पण दोन तक्रारी एकदम जातात.

पहिली उड्यांची. उंची सांगितलेली नसेल तर ब्राउझर फोटोसाठी जागा धरत नाही. फोटो उशिरा येतो, जागा मागतो, खालचा मजकूर ढकलला जातो. अनुक्रमणिकेतल्या दुव्यावर क्लिक केलं की भलत्याच परिच्छेदावर पोचतो, तेही यामुळेच. उडी मारली तेव्हा वरचे फोटो आलेले नव्हते, नंतर आले आणि सगळं खाली गेलं. हे घसरणं मोजणारा गूगलचा आकडा ०.१ किंवा त्याहून कमी असावा लागतो.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. उंची नसलेले चाळीस फोटो सुरुवातीला शून्य उंचीचे असतात, म्हणजे सगळे वरच्या थोड्याशा जागेत एकावर एक गोळा झालेले. ब्राउझर बघतो तर चाळीसही फोटो पडद्याजवळ! तो सगळे आणतो. लेझी लोडिंग चालू असतं, पण डेटा काहीच वाचत नाही. वर्डप्रेस तर रुंदी-उंची नसलेल्या फोटोला आपलं लेझी लोडिंग लावतच नाही.

इमेज टॅगमध्ये दोन्ही आकडे लिहा आणि सीएसएसमध्ये ‘हाइट ऑटो’ ठेवा. आकडे म्हणजे मूळ फोटोची मापं. त्यावरून ब्राउझर प्रमाण काढतो आणि लहान पडद्यावरही योग्य जागा धरतो, फोटो ताणला जात नाही. जाहिरातींच्या आणि नकाशाच्या चौकटींना किमान उंची द्या.

इथे एक खोटी तक्रारही सांगतो. “लेझी लावलंय तरी खालचे फोटो आधीच येतात.” क्रोम फोटो पडद्यात शिरायची वाट बघत नाही, थोडा आधीच मागवतो. वेगवान जोडणीवर साधारण १२५० पिक्सेल अंतरावरून आणि हळू जोडणीवर २५०० पिक्सेलवरून. पान लहान असेल तर सगळेच फोटो या अंतरात बसतात. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

६. लपलेल्या जागा: टॅब, स्लायडर, ॲकॉर्डियन

इथपर्यंत सगळं ठीक आणि फक्त स्लायडर किंवा टॅबमधले फोटो कोरे असतील तर दोष तिथल्याच कोडमध्ये आहे. सीएसएसने लपवलेला भाग ब्राउझरच्या लेखी पानावर नसतोच, त्यामुळे त्यातला लेझी फोटो मागवला जात नाही. टॅब उघडल्यावर ब्राउझरचं लेझी लोडिंग जागं होतं. पण जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट फक्त पान सरकण्यावर आणि खिडकीचा आकार बदलण्यावर लक्ष ठेवते. टॅब उघडणं यातलं काहीच नाही. फोन आडवा केल्यावर फोटो दिसतात त्याचं रहस्य हेच, आकार बदलला आणि स्क्रिप्टला जाग आली.

गोल फिरणाऱ्या स्लायडरची आणखी एक गंमत. काही स्लायडर शेवटच्या स्लाइडनंतर पहिलीची नक्कल जोडतात, म्हणजे फिरणं सलग वाटतं. नक्कल केली तेव्हा खरा पत्ता अजून लागलेला नसेल तर ती नक्कल कायमची कोरी राहते. शेवटून पहिल्याकडे जाताना क्षणभर पांढरं दिसत असेल तर समजून जा.

स्लायडरमध्ये पाच-सहा फोटो असतील तर तिथलं लेझी लोडिंग बंद करून टाका आणि फोटो नीट लहान करून चढवा. त्याहून जास्त असतील तर स्लायडरची स्वतःची लेझी सोय वापरा आणि बाकीच्यांना त्या भागापासून लांब ठेवा. खरं सांगायचं तर चौथी स्लाइड कोणी बघत नाही, पण गिऱ्हाइकाला ते पटवणं फोटो दुरुस्त करण्यापेक्षा कठीण.

विटांसारखी रचना असलेल्या गॅलरीत फोटो एकमेकांवर चढत असतील तर रचनेचं गणित फोटो येण्याआधी झालेलं आहे. पाचव्या तपासणीतले रुंदी-उंचीचे आकडे दिले की ते सुटतं.

७. व्हिडिओ आणि नकाशे

यूट्यूबचा एक व्हिडिओ पानात टाकला की प्लेयरच्या बऱ्याच स्क्रिप्ट सोबत येतात, कोणी व्हिडिओ पाहो न पाहो. आयफ्रेमलाही (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीला) ‘लोडिंग लेझी’ लावता येतं. सफारीत ते २०२३ च्या १६.४ पासून आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ च्या १२१ पासून चालतं. लग्नाच्या हॉलच्या किंवा होमस्टेच्या पानावर तळाशी असलेल्या नकाशासाठी एवढं पुरेसं आहे.

व्हिडिओ जास्त असतील तर नुसतं पोस्टरचं चित्र दाखवून क्लिक केल्यावर प्लेयर आणायची पद्धत चांगली. फक्त फोनवर कधीकधी दोनदा टॅप करावं लागतं, पहिल्याने प्लेयर येतो आणि दुसऱ्याने व्हिडिओ सुरू होतो, कारण फोनवरचे ब्राउझर आवाजासह आपोआप चालायला परवानगी देत नाहीत. मालकाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तीच पुढची तक्रार.

स्वतःच्या सर्व्हरवरच्या व्हिडिओला ‘प्रीलोड नन’ (आधी उतरवू नको, अशी सूचना) आणि पोस्टर द्या. पण त्याच टॅगमध्ये ‘ऑटोप्ले’ असेल तर ‘प्रीलोड’ला कोणी विचारत नाही, चालवायचा म्हणजे उतरवावाच लागतो.

८. स्क्रिप्ट: पहिला टॅप कुठे गेला?

इथून पुढे जरा जपून. फोटोचं काही बिघडलं तर फोटो दिसत नाही, स्क्रिप्टचं बिघडलं तर फॉर्म जात नाही आणि पैसे अडकतात.

आधी एफ१२ दाबून कन्सोल उघडा. ‘जेक्वेरी डिफाइन केलेलं नाही’ अशा अर्थाची लाल ओळ दिसली तर क्रम बिघडलाय (जेक्वेरी म्हणजे अनेक स्क्रिप्ट जिच्यावर अवलंबून असतात ती तयार जावास्क्रिप्ट). ‘डिफर’ लावलेल्या स्क्रिप्ट पान वाचून झाल्यावर आपापल्या क्रमाने चालतात. ‘असिंक’वाल्या ज्या आधी उतरतील त्या आधी चालतात. जेक्वेरीवर अवलंबून असलेली छोटी फाइल जेक्वेरीच्या आधी उतरली की चूक. वेगवान वायफायवर क्रम चुकून बरोबर लागतो, म्हणून हा दोष ‘कधीकधीच’ येतो आणि डोकं खातो. एकमेकींवर अवलंबून असलेल्या स्क्रिप्टना ‘डिफर’ द्या, एकट्या जगणाऱ्यांना ‘असिंक’ चालतं. पानातच लिहिलेल्या, बाहेरची फाइल नसलेल्या साध्या स्क्रिप्टला ‘डिफर’ लागू होत नाही, आणि जेक्वेरीला ‘डिफर’ केलं की नेमक्या त्याच आधी चालून आपटतात.

आता पहिला टॅप. ‘हालचाल होईपर्यंत थांबवा’ या पर्यायात मेन्यूची स्क्रिप्टही अडकते. वाचकाचा पहिला टॅप हीच ती हालचाल. त्या टॅपने स्क्रिप्ट उतरायला लागते, पण मेन्यू उघडायला तेव्हा कोणी हजर नसतं. प्लगइन तो टॅप लक्षात ठेवून नंतर पुन्हा पाठवायचा प्रयत्न करतात, ते दर वेळी जमत नाही. मेन्यूची स्क्रिप्ट आणि ती जिच्यावर उभी आहे ती, दोन्ही वगळा. एकच वगळली तर वरची लाल ओळ येईल.

दुसऱ्या टॅपलाही काही होत नसेल तर कारण वेगळं असू शकतं. बऱ्याच स्क्रिप्ट ‘पान तयार झालं’ या घोषणेची वाट बघत बसतात, तिचं नाव डीओएमकंटेंटलोडेड. स्क्रिप्ट उशिरा आली तर घोषणा होऊन गेलेली असते, ती पुन्हा होत नाही. स्क्रिप्ट चालते, चूक दाखवत नाही, फक्त जन्मभर थांबून राहते. ती तुमची स्वतःची असेल तर वाट बघण्याआधी ‘डॉक्युमेंट रेडीस्टेट’ (पान तयार झालंय का, हे सांगणारी नोंद) तपासायला लावा. दुसऱ्याची असेल तर वगळा.

आकडे बघणाऱ्यांसाठी एक इशारा. ॲनालिटिक्सची (वाचक मोजणारी) स्क्रिप्ट हालचालीपर्यंत थांबवली की पान उघडून, वरचं वाचून, काही न करता निघून गेलेला माणूस मोजलाच जात नाही. वेग सुधारला आणि वाचक घटले असं वाटलं तर बदल केल्याची तारीख आणि घसरणीची तारीख शेजारी ठेवून बघा.

पेमेंट, ओटीपी, कॅप्चा, कुकीची परवानगी, फॉर्मची तपासणी या स्क्रिप्ट कधीही थांबवू नका. त्या पानांवर हा पर्याय पूर्ण बंद ठेवा. तिथे वाचलेल्या अर्ध्या सेकंदापेक्षा एक अडकलेली ऑर्डर महाग पडते.

९. नव्या आवृत्तीनंतरचं कोरं पान

हे रिॲक्ट, व्ह्यू वगैरे जावास्क्रिप्टच्या साधनांवर बांधलेल्या साइट्सचं दुखणं. कोडचे तुकडे करून लागेल तेव्हा आणले जातात आणि प्रत्येक तुकड्याच्या नावात एक गिचमिड खूण असते. मजकूर बदलला की ती खूण बदलते. तुम्ही नवी आवृत्ती चढवता, जुने तुकडे पुसता. कोणाच्या तरी फोनवर सकाळपासून जुनं पान उघडं असतं, तो दुपारी एखाद्या बटणावर क्लिक करतो, ब्राउझर जुना तुकडा मागतो आणि तो सर्व्हरवर नसतो.

कन्सोलमध्ये दोनपैकी एक चूक दिसते. ‘चंक (म्हणजे तुकडा) लोड झाला नाही’, किंवा ‘अनपेक्षित खूण’ म्हणत पुढे कोनी कंसाचं चिन्ह. दुसरीचा अर्थ असा की फाइल नाही म्हटल्यावर सर्व्हरने ४०४ (‘सापडलं नाही’ हे उत्तर) देण्याऐवजी मुखपृष्ठाचं एचटीएमएल पाठवलं आणि ब्राउझर ते जावास्क्रिप्ट समजून वाचायला गेला.

जुने तुकडे काही दिवस सर्व्हरवर राहू द्या. मुख्य एचटीएमएल फाइल दर वेळी ताजी तपासली जाईल अशी कॅशेची सेटिंग ठेवा, तुकडे मात्र खुशाल दीर्घकाळ साठवू द्या. तुकडा सापडला नाही तर पान एकदाच आपोआप रिफ्रेश करा. ‘एकदाच’ला महत्त्व आहे, नाहीतर पान स्वतःलाच रिफ्रेश करत बसेल.

१०. गूगल आणि प्रिंट

गूगलचा बॉट (साइट्स वाचत फिरणारा प्रोग्रॅम) पान सरकवत नाही आणि टॅपही करत नाही. सरकवल्यावरच येणारे फोटो त्याच्या लेखी नाहीत. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात पानाचा पत्ता तपासून गूगलला मिळालेल्या कोडमध्ये फोटोचा खरा पत्ता आहे का ते बघा. प्रिंट आणि रीडर मोडमधली तक्रारही बहुधा ‘डेटा-एसआरसी’चीच असते, तिसरी तपासणी नीट झाली असेल तर दोन्ही मिटलेल्या असतील.

कुठे थांबायचं

पहिल्या पाच तपासण्या कोणीही करू शकतो, त्यातलं जवळपास सगळं सेटिंगमध्ये चालू-बंद करून परत फिरवता येतं. पण पुढीलपैकी काही समोर आलं तर हात आवरा आणि जाणकाराला बोलवा.

ताजा बॅकअप नसेल, किंवा असूनही तो परत कसा चढवायचा हे माहीत नसेल, तर प्लगइनच्या सेटिंगपलीकडे जाऊ नका. थीमच्या फाइलमध्ये बदल करावा लागत असेल आणि चाइल्ड थीम (तुमचे बदल वेगळे ठेवणारी जोडथीम) नसेल, तर पुढच्या अपडेटला तुमची मेहनत पुसली जाईल. कन्सोलमध्ये ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ने काही अडवल्याचं दिसत असेल तर ती पॉलिसी ढिली करून बघू नका, ती सुरक्षेसाठी लावलेली असते. पैसे घेणाऱ्या पानावर एकदा जरी विचित्र वागणूक दिसली तर लगेच सगळे वेगाचे पर्याय बंद करा आणि मगच फोन उचला.

साइटवर सर्व्हिस वर्कर (पडद्यामागे चालणारी, पानं साठवून ठेवणारी स्क्रिप्ट) असेल तर त्याला तर स्वतः हातच लावू नका. तो वाचकाच्या फोनमध्ये जाऊन बसतो आणि त्यातली चूक तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केलीत तरी जुनं पान तोच दाखवत राहतो. त्याला रीतसर काढायची पद्धत आहे, नुसती फाइल पुसून भागत नाही.

जाणकाराला बोलवताना ‘साइट स्लो आहे’ एवढंच सांगू नका. कोणतं पान, कोणता फोन, लॉगआउट करून पाहिलं का, बोट लावण्याआधी काय दिसत होतं आणि नंतर काय, कोणते पर्याय बंद करून झाले, कन्सोलमधल्या लाल ओळीचा स्क्रीनशॉट आणि तक्रार सुरू होण्याआधी शेवटचं अपडेट कोणतं झालं, एवढं एका मेसेजमध्ये पाठवा. समोरच्याने काहीही न बघता ‘एक प्रीमियम प्लगइन घ्या, सगळं ठीक होईल’ असं सांगितलं तर दुसऱ्या कोणाला तरी विचारा.